मालगुडी, आगुंबे आणि जे. पी. नगर : शंकर नाग यांचे जीवितकार्य

१

नकाशावर नसलेले गाव प्रत्यक्षात उभे करावयाचे झाल्यास त्यासाठी जागा कोठे शोधावी, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकापुढे सहसा येत नाही. त्याच्या दृष्टीने आर. के. नारायण यांचे मालगुडी पुस्तकांच्या पानांत पुरेसे वसलेले असते. सरयू नदी, मेंपीच्या टेकड्या, मार्केट रोड, कबीर स्ट्रीट, आल्बर्ट मिशन शाळा ही स्थळे १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’पासून अर्धशतकाहून अधिक काळ एकाच लेखकाच्या कथाकादंबऱ्यांतून वाढत गेली, त्यांना दगडविटांची गरज कधी भासली नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यास मात्र हाच प्रश्न एका तिशीतल्या नट-दिग्दर्शकापुढे अगदी व्यावहारिक स्वरूपात उभा राहिला. दूरदर्शनसाठी नारायण यांच्या कथांची मालिका करावयाची होती. तेव्हा मालगुडीला आता कोठेतरी असणे भाग होते.

हा नट-दिग्दर्शक म्हणजे शंकर नाग. त्यांना अवघे पस्तीस वर्षांचे आयुष्य लाभले. कन्नड चित्रपटाचा लोकप्रिय नायक, मालिकेचा दिग्दर्शक, नाट्यसंस्थेचा चालक अशा अनेक नात्यांनी त्यांचे नाव घेतले जाते. तथापि या सर्व उद्योगांच्या मुळाशी एकच ध्यास होता असे त्यांचे चरित्र पाहता दिसून येते : कल्पनेतील जगाला माणसांच्या वावरासाठी प्रत्यक्ष जागा मिळवून देणे. या ध्यासातून दोन स्थळे आकारास आली. एक पश्चिम घाटातील आगुंबे, जेथे त्यांनी स्वतः मालगुडी वसविले आणि काम संपताच उठविले. दुसरे बंगळुरूच्या जे. पी. नगर या वसाहतीतील ‘रंगशंकर’ हे नाट्यगृह, जे त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी उभे राहिले. साहित्यातून स्फुरलेली वास्तू कशामुळे जिवंत राहते, हे ठरविण्यासाठी ही दोन स्थळे शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल; आणि त्यासाठी त्यांच्यामधील आयुष्याचा मागोवा घेणे आवश्यक आहे.

२

शंकर नागरकट्टे यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ रोजी होन्नावर तालुक्यातील मल्लापूर येथे झाला. हा सारा मुलूख, म्हणजे तेव्हाचा उत्तर कानडा जिल्हा, त्या वेळी मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मल्लापुरातील हे बालक दोन वर्षांचेही झालेले नव्हते. घरची भाषा कोंकणी, परिसराची कन्नड, आणि शिक्षण व नोकरी यांसाठी मुंबईकडे डोळे लावून बसलेला किनारा, असा हा प्रदेश. राज्याची सीमा बदलली तरी मुंबईला जाणारी वाट बदलली नाही. थोरले बंधू अनंत मुंबईत नट म्हणून नावारूपास आले आणि श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ (१९७४) या चित्रपटाने हिंदी प्रेक्षकांना परिचित झाले. पुढे दोघा भावांनी ‘नाग’ हे संक्षिप्त आडनाव रूढ केले.

औपचारिक शिक्षण आटोपून शंकरही मुंबईस आले आणि मराठी रंगभूमीकडे ओढले गेले. हा काळ मराठी रंगभूमीच्या दृष्टीने विलक्षण घडामोडींचा होता. १९७१ साली स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ या संस्थेने १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांना हक्काची जागा मिळवून दिली होती. शाळेचे साधे दालन, अल्प भाडे, हाताच्या अंतरावर बसलेला प्रेक्षक, एवढ्या सामग्रीवर एक चळवळ उभी राहिली. नाटकाला वैभवशाली प्रेक्षागाराहून परवडण्याजोगी व नियमितपणे मिळणारी जागा अधिक आवश्यक असते, हा धडा त्या पिढीतील प्रत्येक रंगकर्मीने मुंबईतच गिरविला. जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ साली सुरू झाले. पृथ्वीराज कपूर यांचे स्वतःच्या नाट्यगृहाचे स्वप्न त्यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी शशी आणि जेनिफर कपूर यांनी पुरे केले. शंकर नाग यांच्या बाबतीत हीच कथा पुढे जवळजवळ याच क्रमाने घडावयाची होती.

मुंबईच्या नाट्यवर्तुळातच त्यांची अरुंधती राव यांच्याशी भेट झाली. मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही रंगभूमींवर वावरलेल्या अरुंधती पुढे त्यांच्या सहधर्मचारिणी आणि सहकारी झाल्या. मराठीशी शंकर नाग यांचा संबंध केवळ नटाचा राहिला नाही. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी चापेकर बंधूंनी केलेल्या रँडवधावर ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट १९७९ साली निर्माण केला. त्याच्या पटकथालेखनात शंकर नाग यांचा सहभाग होता, तर संवाद विजय तेंडुलकरांचे होते. पटवर्धन दांपत्य मूळचे वास्तुविशारद. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे पुणे शोधणे, वाडे, बोळ, दिंडीदरवाजे यांतून इतिहासाला बोलते करणे, हे त्या चित्रपटाचे एक लक्षणीय वैशिष्ट्य होते. गतकाळ उभा करण्यासाठी नवे बांधकाम करण्यापेक्षा जुन्या वास्तूतून योग्य ते निवडावे व विसंगत ते झाकावे, ही रीत शंकर नाग यांनी या कामात जवळून पाहिली. आगुंब्यास तिचाच उपयोग झाला.

३

गिरीश कार्नाड यांच्या ‘ओंदानोंदु कालदल्लि’ (१९७८) या चित्रपटाने शंकर नाग यांना कन्नड भाषेत परत आणले. मध्ययुगीन कर्नाटकातील भाडोत्री योद्ध्यांची ही कथा अकिरा कुरोसावा यांच्या चित्रपटशैलीचे ऋण मिरविणारी होती. तीतील योद्ध्याच्या भूमिकेबद्दल १९७९च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्यमयूर मिळाला. स्वतः कार्नाड यांचा जन्म माथेरानचा, मातृभाषा कोंकणी, लेखनभाषा कन्नड. भाषांच्या सीमेवर वाढलेल्या दोन माणसांची ही भेट होती. भारतीय साहित्यांच्या आदानप्रदानाचा इतिहास लिहिताना अनुवादित ग्रंथांची यादी केली जाते. पण अशा सीमेवरच्या माणसांनी आपल्यासोबत वाहून नेलेले नाटक त्या यादीत बहुधा येत नाही.

बंगळुरूस स्थायिक झाल्यावर शंकर आणि अरुंधती नाग यांनी ‘संकेत’ ही नाट्यसंस्था चालविली. कार्नाड यांचे ‘अंजुमल्लिगे’ आणि पुढे ‘नागमंडल’ ही कन्नड नाटके तिने रंगमंचावर आणली. त्यांच्याच जोडीला जयवंत दळवी यांची ‘बॅरिस्टर’ आणि ‘संध्याछाया’ ही दोन मराठी नाटकेही संकेतने कन्नडमध्ये सादर केली. ही निवड सहज झालेली नसावी. ‘बॅरिस्टर’मधील कोंकणातले जुने घर, त्यात कोंडलेली विधवा मावशी, पिढ्यांमागून चालत आलेल्या वेडाच्या सावटाखाली जगणारा विलायती शिक्षणाचा नायक, हे सारे होन्नावरच्या किनाऱ्याला परके नव्हते. दळवींचा आरवली परिसर आणि नागरकट्ट्यांचे मल्लापूर हे एकाच समुद्रकाठचे प्रदेश. मधल्या राज्यसीमेने घरांची रचना बदललेली नव्हती आणि त्या घरांतील मौनही बदललेले नव्हते. ‘संध्याछाया’तील मुलांची वाट पाहत एकाकी झालेले वृद्ध जोडपे तर १९८०च्या दशकातील बंगळुरूत घरोघरी भेटण्याजोगे झाले होते. मराठी नाटक कन्नडमध्ये नेताना शंकर नाग यांनी भाषेबरोबर घराची ओळखही पोहोचविली, असे म्हणता येईल.

नाटकाचा हा खर्च चालत होता तो चित्रपटाच्या मिळकतीवर. ‘आटो राजा’ (१९८०), ‘गीता’ (१९८१) यांसारख्या चित्रपटांनी त्यांना घराघरांत पोहोचविले. पुढील दहा वर्षांत त्यांनी इतक्या झपाट्याने भूमिका केल्या की, चित्रपटांची संख्या नव्वदीच्या आसपास गेली. यांतील पुष्कळसे चित्रपट आज स्मरणातून गेले आहेत आणि ते गेले याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मारामारीच्या ठरीव कथांत गुंतलेला हा नट एका वेळी अनेक ठिकाणी विखुरला गेला, हा आक्षेप त्यांच्या समकालीनांनीही घेतला असल्यास नवल नाही. परंतु त्याच काळात त्यांनी दिग्दर्शित केलेले ‘मिंचिना ओट’ (१९८०) आणि ‘अॅक्सिडेंट’ (१९८५) हे चित्रपट त्यांची खरी पात्रता दाखवितात. मद्यधुंद श्रीमंत तरुणांच्या मोटारीखाली पदपथावर झोपलेली माणसे चिरडली जातात आणि सत्ता हा गुन्हा दडपू पाहते, असे ‘अॅक्सिडेंट’चे कथानक आहे, त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘ओंदु मुत्तिन कथे’ (१९८७) या चित्रपटासाठी त्यांनी जॉन स्टाइनबेक यांच्या मोत्याच्या कथेचा आधार घेतला आणि राजकुमार यांना नायक केले.

या धावपळीत ते संस्थाही उभारीत होते. ‘संकेत इलेक्ट्रॉनिक्स’ हे ध्वनिमुद्रणगृह आणि बन्नेरघट्टा रस्त्यावरील कंट्री क्लब हे त्यांचेच उपक्रम. बंगळुरूच्या जनमानसात त्यांच्याविषयी आणखी पुष्कळ योजना सांगितल्या जातात : शहरासाठी आगगाडी, नंदी डोंगरावर रज्जुमार्ग, गरिबांसाठी स्वस्त घरे. अकाली गेलेल्या लोकप्रिय माणसाच्या पदरी लोक आपली स्वप्ने बांधीत असतात, म्हणून चरित्रकाराने येथे सावध राहिले पाहिजे. मात्र सर्वच आख्यायिका इमारती, मार्ग आणि घरे यांविषयी असाव्यात, हे सूचक आहे. नट म्हणून मिळालेले प्रेम लोकांनी एका बांधणाऱ्या माणसाच्या खात्यावर जमा केले.

४

मालगुडीच्या पडद्यावरील पूर्वेतिहासाची येथे आठवण करणे अगत्याचे आहे. नारायण यांच्या ‘द गाइड’ या कादंबरीवरून विजय आनंद यांनी काढलेला चित्रपट १९६५ साली प्रदर्शित झाला आणि गाजला. लेखक मात्र त्यावर प्रसन्न नव्हता. मालगुडीची कथा राजस्थानातील भव्य प्रासाद, सरोवरे आणि रंगीत मिरवणुका यांच्या पार्श्वभूमीवर नेण्यात आल्याने तिचा सारा घाटच बदलला, हे नारायण यांचे दुःख होते व त्यांनी ते एका उपहासगर्भ लेखात मांडलेही. या तक्रारीत वास्तुविषयक मर्म आहे. मालगुडीचा नायक हा लहान रस्त्यावरचा माणूस होय. त्याचे खोटे बोलणे, मोठेपणा मिरविणे, फजिती होणे, हे सारे समोरच्या ओट्यावरून कोणीतरी पाहत असते म्हणूनच घडते. राजवाड्याच्या पटांगणात ही शेजाऱ्याची नजर हरवते.

शंकर नाग यांनी निवडलेले आगुंबे हे शिमोगा जिल्ह्याच्या तीर्थहळ्ळी तालुक्यातील घाटमाथ्यावरचे गाव. भूगोलाच्या कसोटीवर ही निवड चुकीचीच म्हणावी लागेल. नारायण यांचे मालगुडी तमिळ सपाटीच्या वळणाचे, उन्हाचे. त्याची सरयू वाळूच्या पात्राची, संध्याकाळी नागरिकांनी जिच्या काठी फिरावयास जावे अशी. आगुंबे मात्र वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारे, जंगलाने वेढलेले. तरीही १९८६ साली ‘मालगुडी डेज’ दूरदर्शनवर आली तेव्हा प्रेक्षकांना हेच मालगुडी वाटले. याचे कारण गावाच्या प्रमाणात आहे. आगुंब्याचा मुख्य रस्ता एका माणसाची हाक दुसऱ्या टोकाला पोहोचावी एवढा. उतरत्या कौलांची घरे, लाकडी खांब, आणि घरापुढची जगली, म्हणजे मराठी घरातील ओटी वा पडवी. घर आणि रस्ता यांच्यामध्ये या जगलीमुळे एक तिसरी जागा निर्माण होते. तेथे बसलेला माणूस घरातही असतो व गावातही असतो. नारायण यांच्या कथा याच जागेत घडतात. नाग यांनी नदी आणि हवामान यांबाबत तडजोड केली. जगलीबाबत केली नाही. स्वामीच्या घरासाठी त्यांनी गावातील ‘दोड्डमने’, म्हणजे मोठे घर, निवडले. त्या जुन्या चौसोपी घरात कुटुंबाचे नित्याचे जीवन चालू असतानाच चित्रीकरण झाले.

कलादिग्दर्शनाची जबाबदारी जॉन देवराज यांच्याकडे होती. विजेच्या तारा व नव्या पाट्या यांसारख्या विसंगत गोष्टी नजरेआड करणे, मालगुडीच्या पाट्या लावणे, आणि गावात सर फ्रेडरिक लॉली यांचा पुतळा उभारणे, अशा बेताने गाव सजविण्यात आले. गावकरी कधी बाजारातील गिऱ्हाइके झाले, कधी मिरवणुकीतील माणसे. रेल्वे स्थानक शिमोगा–ताळगुप्पा मार्गावरील अरसाळू येथे सापडले. मास्टर मंजुनाथ स्वामी झाला, कार्नाड त्याचे कडक वडील झाले, ‘द व्हेंडर ऑफ स्वीट्स’मधील जगन अनंत नाग यांनी रंगविला. कन्नड रंगभूमीवरील अनेक नट हिंदी बोलू लागले. सुरुवातीचे तेरा भाग तर हिंदीबरोबर इंग्रजीतही करण्यात आले. संगीत एल. वैद्यनाथन यांचे होते. शीर्षकचित्रे लेखकाचे धाकटे बंधू, मुंबईकरांना रोज सकाळी भेटणारे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी काढली. टी. एस. नरसिंहन निर्माते असलेल्या या मालिकेचे एकोणचाळीस भाग शंकर नाग यांनी दिग्दर्शित केले. इंग्रजीत लिहिलेले तमिळ वळणाचे गाव कन्नड मलनाडात उभे राहिले आणि हिंदीतून साऱ्या देशात पोहोचले. भारतीय साहित्य ही संकल्पना स्पष्ट करावयास याहून समर्पक उदाहरण सहसा आढळणार नाही.

चित्रीकरण संपले आणि मालगुडी उठले. लॉलीच्या पुतळ्याच्या संदर्भात यात एक अनपेक्षित साम्य आहे. नारायण यांच्या ‘लॉली रोड’ या कथेत स्वातंत्र्याच्या उत्साहात नगरपालिका लॉलीला जुलमी समजून त्याचा पुतळा उखडते. मग तो गावाचा हितकर्ता होता असे उघडकीस येते आणि सर्वांची पंचाईत होते. दगडात कोरलेल्या स्मृतीवर नारायण यांचा असा मिस्किल अविश्वास होता. नाग यांनी तो ध्यानात घेतला होता की नाही, याहून त्यांच्या कृतीचे स्वरूप महत्त्वाचे आहे. त्यांनी मालगुडी कायमचे बांधून ठेवले नाही. गावाकडून काही काळ उसने घेतले व परत केले.

५

याउलट प्रयत्न युरोपात पुढे झाला. बोस्नियातील विशेग्राद येथील सोळाव्या शतकातील दगडी पूल इव्हो आंद्रिच यांच्या ‘द्रिना नदीवरील पूल’ (१९४५) या कादंबरीने जगास परिचित केला. आंद्रिच यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या कादंबरीवर चित्रपट करण्याची इच्छा बाळगणारे दिग्दर्शक एमिर कुस्तुरित्सा यांनी पुलाजवळ, द्रिना आणि र्झाव नद्यांच्या संगमावर, ‘आंद्रिचग्राद’ नावाचे दगडी नगरच २०११पासून उभारले व २८ जून २०१४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. बायझंटाइन, ऑटोमन, रेनेसाँस अशा निरनिराळ्या ऐतिहासिक शैलींची घरे, चौक, चित्रपटगृह, आंद्रिच यांच्या नावाची संस्था, असा त्याचा विस्तार आहे. तेथे जाणारा प्रवासी वेशीतून आत शिरतो आणि काही मिनिटांत अनेक शतके ओलांडून नदीकाठी पोहोचतो. कारागिरी उत्तम आहे. पण याच विशेग्रादमध्ये १९९२च्या युद्धात बोस्नियाक नागरिकांची हत्या झाली, आणि कादंबरीच्या नावाने उभारलेल्या नव्या नगरात त्या स्मृतीला जागा कोठे, हा प्रश्न टीकाकारांनी विचारला. कादंबरीत अनेक आवाज एकमेकांना छेद देत राहतात. दगडात बांधलेल्या नगराला एका आवाजाची निवड करावी लागते. साहित्यप्रेरित नगररचनेचा हा मूलभूत धोका होय.

आगुंब्याचे मालगुडी या धोक्यातून सुटले, कारण ते तात्पुरते होते. मात्र तात्पुरतेपणाचीही किंमत असते. आज आगुंब्यास येणारा चाहता मालगुडी शोधीत रस्त्यावरून फिरतो व त्याला एक साधे पावसाळी गाव भेटते. दोड्डमनेच्या जगलीवर त्याला ओळखीची खूण पटते. बाकी सारे त्याने स्मरणातून भरून काढावयाचे असते. अरसाळू येथील स्थानकाच्या जुन्या इमारतीत २०२०मध्ये मालगुडी संग्रहालय करण्यात आले. तेथे स्मृती जपली गेली, परंतु जपलेली स्मृती नवी कथा सांगत नाही. कथा पुन्हा घडण्यासाठी कोणती वास्तू लागते, या प्रश्नाचे उत्तर आगुंब्यात नव्हते.

६

३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेनजीक अनगोडु गावाजवळ महामार्गावर झालेल्या मोटार अपघातात शंकर नाग यांचे निधन झाले. छत्तिसावा वाढदिवस चाळीस दिवसांवर होता. त्याच मोटारीतून प्रवास करणाऱ्या अरुंधती नाग गंभीर जखमी झाल्या; लहान मुलगी बचावली. रस्त्यावरील मृत्यू आणि समाजाची बेपर्वाई यांवर चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाचा असा अंत व्हावा, यावर भाष्य करण्याचा मोह आवरणेच योग्य. बंगळुरूच्या रिक्षावाल्यांनी ‘आटो राजा’चे चित्र आपल्या वाहनावर लावले आणि पुढील पिढ्यांतील चालकांनीही ते काढले नाही. लोकांनी केलेले हे स्मारक कोणाच्याही आज्ञेवाचून झाले.

दुसरे स्मारक मात्र परिश्रमाने करावे लागले. नाटकासाठी परवडणारी, नियमित मिळणारी जागा बंगळुरूत असावी, ही शंकर नाग यांची इच्छा होती. ती छबिलदासच्या दिवसांत घडलेल्या मनाची इच्छा होती. दीर्घ उपचारांतून उठलेल्या अरुंधती नाग यांनी संकेत न्यासाच्या द्वारे ती हाती घेतली. राज्य शासनाने जे. पी. नगर येथे भूखंड दिला. चित्रपटसृष्टी, उद्योग आणि सामान्य नाट्यरसिक यांच्याकडून निधी गोळा करण्यात कैक वर्षे गेली. वास्तुविशारद शारुख मिस्त्री यांनी आराखडा केला. २००४च्या ऑक्टोबरमध्ये ‘रंगशंकर’चे उद्घाटन झाले. ही वास्तू शंकर नाग यांनी बांधली असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. स्वप्न त्यांचे असले तरी विटा रचण्याचे श्रम दुसऱ्यांचे आहेत, आणि चरित्रलेखनात हा भेद पुसला जाऊ नये. पतीच्या नावामागे स्वतःचे कर्तृत्व झाकले जाणे ही आपल्याकडील स्त्रियांची जुनी कहाणी आहे; अरुंधती नाग यांच्या बाबतीत ती पुन्हा घडू देण्याचे कारण नाही.

७

जयप्रकाश नारायण यांच्या नावाची ही दक्षिण बंगळुरूतील वसाहत आखीव मार्गांची, निवासी घरांची. तिच्यातील रंगशंकर ऐतिहासिक शैलीची नक्कल करीत नाही. आत सुमारे सव्वातीनशे आसने आहेत. प्रेक्षक तीव्र उतारावर बसतात आणि रंगमंच त्यांच्यात पुढे सरसावलेला असतो, त्यामुळे नटाचा श्वासही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. जगलीवर बसून रस्ता पाहावा तसे येथे नाटक पाहिले जाते. भाडे मुद्दाम अल्प ठेवलेले. सोमवार वगळता रोज एक प्रयोग, हा दंडक करोनाच्या साथीतील बंद काळाचा अपवाद सोडल्यास पाळला गेला असून, वर्षाकाठी होणाऱ्या प्रयोगांची संख्या तीनशेच्या घरात जाते. कन्नडबरोबर हिंदी, इंग्रजी, मराठी आणि अन्य भाषांतील नाटके येथे होतात. प्रयोगाची वेळ साडेसातची. त्यानंतर दार बंद होते. उशिरा येणारा मंत्री असो वा मित्र, त्याला आत घेतले जात नाही. प्रारंभी हा नियम अनेकांना कठोर वाटला. पण वेळेवर सुरू होणारे नाटक म्हणजे प्रेक्षकाने नटाला दिलेला मान, हे शहराने हळूहळू स्वीकारले.

या दंडकांमुळेच रंगशंकर हे आंद्रिचग्रादहून आणि आगुंब्याहून वेगळे ठरते. आंद्रिचग्रादने कादंबरीला कायमचा दगडी देह दिला. आगुंब्याने कथांना तात्पुरता देह दिला आणि परत घेतला. जे. पी. नगरच्या नाट्यगृहात कायम आहे ती केवळ चौकट. तिच्यातील नगर मात्र रोज निराळे. आज तुघलकाची दिल्ली, उद्या कोंकणातील एखादा वाडा, परवा ग्रीक राजाची वेस. प्रत्येक नगर साडेसातला वसते व दोन तासांत उठते. एकाही नगराला आपलाच आवाज अखेरचा असल्याचा दावा करता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यांवर त्याला छेद देणारे नाटक उभे राहते. शंकर नाग यांनी आगुंब्यास जे एकदा केले ते येथे नित्यक्रम झाले आहे.

त्यांच्या आयुष्यातील घाई, विखुरलेपणा, सामान्य चित्रपटांचा ढीग, हे दोष या निष्कर्षाने पुसले जात नाहीत. पस्तीस वर्षांत त्यांनी अनेक गोष्टी सुरू केल्या आणि थोड्याच पूर्ण केल्या. परंतु ज्या दोन पूर्ण झाल्या, एक त्यांच्या हातून आणि दुसरी त्यांच्या पश्चात, त्यांनी भारतीय साहित्याच्या अभ्यासकापुढे एक विचार ठेवला आहे. लेखकाचे गाव शोधीत येणाऱ्या प्रवाशाला घर, पुतळा वा स्थानक दाखविता येते. तेवढ्याने त्याचे समाधान व्हावयास हरकत नाही. पण तेथे पुन्हा कथा सांगितली जात नसेल तर ते गाव संग्रहातील वस्तू होऊन राहते. अरसाळूच्या जुन्या इमारतीत मालगुडी नीट मांडून ठेवलेले आहे. जे. पी. नगरात मालगुडीचे काहीच ठेवलेले नाही. तेथे संध्याकाळी साडेसातला दार बंद होते, दिवे मंदावतात, आणि आत बसलेले तीनएकशे लोक नकाशावर नसलेल्या कोणत्यातरी गावात नव्याने जातात.